ऊन पाणी

आमच्या घरात आईचे गुडघे म्हणजे घरातले आणखी दोन सदस्यच आहेत. कुठं जायचं, कशानं जायचं, किती वाजता निघायचं, सगळं त्यांना विचारून ठरतं. लग्नाचा हॉल पहिल्या मजल्यावर असला आणि लिफ्ट नसली तर आहेर पोचतो, आई पोचत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरून मला दाखवला. दोन हाडांच्या मध्ये जी गादी असायला हवी ती झिजून गेली होती, हाडाला हाड लागत होतं. दोन्ही सांधे बदलायला हवेत, वय चौऱ्याहत्तर आहे, तब्येत बरी आहे, आणखी थांबू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आई म्हणाली, "दिवाळीनंतर बघू." कुठल्या दिवाळीनंतर ते तिनं सांगितलं नव्हतं.

मग या डिसेंबरात, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा उन्हेऱ्याला जाऊन येऊ या. मग तुझं ते ऑपरेशन बघू."

उन्हेरे म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या पालीपासून तीनेक किलोमीटरवरचं गरम पाण्याचं कुंड. अष्टविनायकाच्या यात्रेत बल्लाळेश्वराला जाणाऱ्यांपैकी काहीजण तिथं डोकावतात, बाकीच्यांना पत्ताही नसतो. आईचं माहेर पालीच्या अलीकडचं एक गाव. आता तिथं आमचं कुणी नाही. घर विकलं, मामा पुण्याला गेले. पण तिच्या लहानपणी संक्रांतीच्या सुमाराला आजी दोघी मुलींना बैलगाडीत घालून उन्हेऱ्याला न्यायची आणि डोक्यावरून न्हाऊ घालून आणायची. मी म्हणाले, "अगं, गरम पाणीच हवंय तर वज्रेश्वरी आहे की, अकलोली आहे. मुलुंडहून कितीतरी जवळ." त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू 'आई हवीय ना, मग शेजारच्या काकू आहेत की' असं म्हणाले होते.

तसं पाहिलं तर आपल्या कोकणपट्टीत या कुंडांची रांगच लागलेली आहे. पालघरकडच्या सातिवलीपासून वज्रेश्वरी, गणेशपुरी, मग पालीचं हे उन्हेरे, महाडजवळचं सव, रत्नागिरीतलं उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, आणि थेट राजापूरचं उन्हाळे. नावं बघा ना. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. ऊन ऊन वरणभातातला जो 'ऊन', तोच इथं गावाच्या नावात जाऊन बसलाय. पत्ता विचारायला नको, नावातच पाटी लावलीय की इथं पाणी ऊन आहे.

तर ठरलं. ताईमावशीला डोंबिवलीला फोन गेला. ती आईपेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि तिचे दोन्ही गुडघे पाच वर्षांपूर्वी बदललेले. ती एका पायावर तयार झाली (नव्या, असं तिनंच वर जोडलं) आणि आदल्या दिवशी मुक्कामालाच आली. रविवारी पालीला गर्दी, चतुर्थीला त्याहून गर्दी, म्हणून जानेवारीतला एक साधा बुधवार निवडला. आणि गाडी भाड्यानं केली. ट्रेननं कर्जत-खोपोली करून पुढं एसटी किंवा रिक्षा, असं आम्ही पूर्वी केलंही असतं, पण दादरचा जिना आता आईला रायगडाएवढा आहे. गाडीची निवडही गुडघ्यांनीच केली. खालच्या सीटची गाडी नको, उठता येत नाही. फार उंच नको, चढता येत नाही. शेवटी मधली एक अर्टिगा मिळाली. चालक पंचविशीतला मुलगा होता. दोन म्हाताऱ्यांना बघून त्यानं आपणहून गाणी बंद केली. ताईमावशीनं ती पुन्हा लावायला लावली.

पनवेलपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. द्रुतगती मार्गानं न जाता आम्ही जुन्या हायवेनं निघालो, कारण आईला 'रस्ता बघायचा' होता. पळस्पे, शेडुंग, आणि मग चौक. चौकच्या आधीपासून डावीकडे प्रबळ दिसायला लागतो आणि त्याच्या कुशीत इर्शाळगडाचा तो सुळका, भोकासकट. शाळेत असताना आम्ही ट्रेकला आलो होतो तेव्हा वाटेत इर्शाळवाडी लागली होती. ठाकरांची वाडी, सारवलेली अंगणं, एका अंगणात आम्हाला मिळालेलं पाणी. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा डोंगर त्या वाडीवर उतरला. पाय चढवत नाहीत अशा वाटेनं, मुसळधार पावसात, माणसं हातांनी माती उपसत होती. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला. बातमी पाहिली त्या दिवशी मला माणसं आठवली नाहीत, तो पाण्याचा तांब्या आठवला.

आईनं गाडीतूनच हात जोडले. चालकानं विचारलं, "देऊळ आहे का आजी तिकडं?" ती म्हणाली, "नाही रे. माणसं आहेत."

त्यानंतर खालापूर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

खालापूर तालुका मुंबईकरांना माहीत असतो तो टोलनाका म्हणून, नाहीतर वाटेतल्या मिसळीसाठी. महडचा वरदविनायक याच तालुक्यात, तिथं थांबलो. पण आज देवाचं आधी आणि पाण्याचं मग असा क्रम आईला मंजूर नव्हता, त्यामुळे दर्शन पाच मिनिटांत आटोपलं. मला खरं थांबायचं होतं ते पुढं खोपोलीत, आणि तेही देवळात नाही. खोपोलीत शिरलं की समोरच्या डोंगरावरून खाली उतरलेले जाड नळ दिसतात. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवटा ही टाटांची धरणं आहेत. तिथलं पाणी त्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात येतं. १९१५ सालापासून हे चालू आहे. ही वीज तेव्हा प्रामुख्यानं गेली ती मुंबईच्या गिरण्यांना.

माझे आजोबा, म्हणजे आईचे सासरे, परळला गिरणीत साचेखात्यात होते. ते ज्या मागावर उभे राहात त्याच्यामागे कुठंतरी हे पाणी पडत होतं. मी हे मोठ्या उत्साहानं आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "हो? मग त्यांच्या अंघोळीचं पाणीसुद्धा यावर तापलं असतं तर बरं झालं असतं." तेव्हा मी हसले फक्त. त्या वाक्याचं पुढं काय होणार होतं ते मला कळलं नव्हतं.

अजून एक गंमत इथं आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. वळवणचं पाणी मुळात इंद्रायणीचं. त्याच्या मनाप्रमाणे ते भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं. माणसानं ते अडवलं, घाटावरून कोकणात लोटलं, वीज काढून घेतली आणि वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेला दिलं. म्हणून ऐन एप्रिलमध्ये शेजारचे ओढे कोरडे पडतात तेव्हाही पाताळगंगा वाहत असते, आणि तिच्या काठावर रसायनीचे कारखाने उभे आहेत. नाव पाताळगंगा आणि पाणी येतं आभाळाकडून, नळानं. या सगळ्यात कुणाचं काही गेलंच नाही असं नाही. याच धरणांच्या रांगेतलं मुळशी; तिथल्या मावळ्यांनी जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. जमिनी बुडाल्याच. मुंबईचा दिवा लागतो तेव्हा त्यात कुणाचं तरी भातखाचर असतं. असो. आई घड्याळ बघायला लागली होती.

खोपोलीच्या बाहेर पाली फाट्याला वळलं की रस्ता एकदम आपला वाटायला लागतो. (माझं आजोळ, म्हणून मला. तुम्हाला कदाचित खड्डेच आठवतील.) थोड्याच वेळात डाव्या-उजव्या पाट्या इमॅजिकाच्या. २०१३ साली सुरू झालं ते. तिथं तिकीट काढून घ्यायचं पाणी आहे, खोट्या लाटांचं आणि घसरगुंड्यांचं. माझी मुलगी तिथं तीनदा जाऊन आलीय आणि तिथून तासाभरावरच्या कुंडाचं नाव तिनं त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं. मी काही तिला नावं ठेवत नाही, मीही तीनदा बरोबर होतेच की, आणि मजा आली होती.

मग शेतं. भात कधीच कापून झालेलं, खाचरांत वाल लावलेला. जांभूळपाड्याशी अंबा नदी दिसली, अगदी शहाण्यासारखी दगडांतून चाललेली. जुलै १९८९ मध्ये हिनंच एका सकाळी जांभूळपाड्याची घरंच्या घरं नेली होती. तेव्हा पालीकडचा निरोप मिळेपर्यंत आई दोन दिवस जेवली नव्हती. हे मला नीट आठवतं, कारण त्या दोन दिवसांतही आमचं आंघोळीचं पाणी वेळेवर तापलेलं होतं.

उन्हेऱ्याला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. नदीच्या बाजूचा सखल भाग, झाडं, विठ्ठलाचं देऊळ आणि कुंडं. बायकांचं वेगळं, भिंतींचा आडोसा केलेलं. तुम्ही जर फोटोतल्या परदेशी झऱ्यांसारखं, निळं पाणी नि लाकडी पायऱ्या, असं काही डोळ्यांपुढं आणत असाल तर विसरा. फरशी, दगड, हिरवट पाणी, दोरीवर वाळत घातलेली कुणाचीतरी साडी आणि कोपऱ्यात शाम्पूच्या रिकाम्या पुड्या. वास मात्र येतो, गंधकाचा हलकासा, काडी ओढल्यावर येतो तसा.

या वासामुळेच बहुतेकांना वाटतं की खाली गंधक आहे आणि गंधकानं पाणी तापतं. ताईमावशीनं चालकाला तेच समजावून सांगितलं. दुसरा लोकप्रिय सिद्धांत ज्वालामुखीचा. सह्याद्री लाव्ह्याचा, हे खरं, पण तो लाव्हा ओतला गेला त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. त्याची ऊब कधीच निवाली. पाणी तापतं ते फार साध्या कारणानं. जमिनीत जसं खोल जावं तशी उष्णता वाढत जाते, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून उतरत उतरत खूप खाली जातं, तिथं तापतं, आणि मोठी भेग सापडली की परत वर येतं. गंधकाचा वास त्याला वाटेत लागतो. म्हणजे कुंडातलं पाणी आहे पावसाचंच. तोच पाऊस. काही वळवणला अडतो आणि नळातून पडतो, काही डोंगराला फोडून खाली येतो, आणि काही कुणालाही न सांगता जमिनीत शिरतो आणि फार उशिरानं, तापून, इथं वर येतो.

हे मी मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी आईला पायऱ्या उतरवत होते. पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि माझा जीव मुठीत. तिथं रोज अंघोळीला येणारी गावातली एक आजी होती, हाताला घट्ट, पाठीत वाकलेली. ती मला म्हणाली, "तू सोड. तू ओढतेस." आणि तिनं आईला उलटं फिरवलं, पाठमोरं, शिडी उतरतात तसं, एकेक पायरी. सहा वर्षं मी आईला जिने उतरवतेय, तिच्या पुढं उभी राहून. असो, ही युक्ती तुम्हीही करून बघा.

पाण्यात पाय घातल्यावर आईनं श्वास आत घेतला. चांगलंच ऊन होतं. आपण बादलीत काढतो त्याहून दोन-चार अंश जास्तच, पहिल्या मिनिटाला नको वाटतं आणि दुसऱ्या मिनिटाला बाहेर येववत नाही. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलं होतं: एका वेळी पाच-सात मिनिटं, मानेपर्यंत नाही, मध्ये बाहेर बसायचं, पाणी पीत राहायचं. माझं लक्ष घड्याळाकडे. ताईमावशी तोवर मध्यावर पोचली होती आणि गाऊन फुगून तरंगत होती, तिची आणि गाऊनची झटापट बघून त्या गावातल्या आजी खो खो हसत होत्या.

आई पाण्यातल्या पायरीवर बसली. कमरेच्या वर पाणी. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "ताई, हे निवतच नाही गं."

"निवेल कसं? खालून येतंय."

"तसं नाही. निवतच नाही."

आता हे सांगायला मला परळला जावं लागेल. आई लग्न होऊन आली ती परळच्या चाळीत, दोन खोल्यांत नऊ माणसं. नळाला पाणी साडेचारला. ती चारला उठायची. मोरीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्याला कोळशाच्या चुऱ्याचे गोळे, ते आदल्या दुपारी थापून वाळवायचे, तेही तिनंच. पहिली बादली आजोबांची, त्यांची पहिली पाळी. मग दोन दीर, मग बाबा, आजी, आत्या, मग आम्ही पोरं, शाळेच्या वेळेप्रमाणे. बंबात वरून गार पाणी घालावं तेव्हा तोटीतून गरम येतं, असा त्याचा हिशोब. शेवटाला विस्तव विझत आलेला असायचा. तिची अंघोळ शेवटची. नऊ माणसांचं पाणी तापवून झाल्यावर तिच्या वाट्याला जे यायचं त्याला कोमट म्हणायचं ते केवळ सौजन्यानं. आजोबांची हाक मला अजून ऐकू येते, "पाणी तापलं का?" प्रश्न कुणाला उद्देशून आहे हे चाळीत कुणाला विचारावं लागत नसे.

पुढं बंब जाऊन पाण्यात सोडायचा रॉड आला, मग मुलुंडला आल्यावर गॅसचा गीझर. माणसं नवाची तीन झाली. गीझर भिंतीवर आहे, नळ फिरवला की पाणी गरम. तरीही आई आजतागायत शेवटी अंघोळ करते, आणि सगळ्यांचं झालं म्हणून गीझर आधीच बंद करून टाकते. कितीदा भांडले मी त्यावरून. "राहिलेलं पुरतं मला," एवढंच उत्तर.

तर ती बाई त्या दिवशी कमरेच्या वर पाण्यात बसून होती, आणि ते निवत नव्हतं. कुणी तापवलं नव्हतं, कुणाचं उरलेलं नव्हतं, आणि बाहेरून कुणी हाक मारत नव्हतं. तिनं एवढंच म्हटलं, "बंब नको, गोळे नको." आणि ओंजळीनं खांद्यावर पाणी घेत राहिली. घड्याळात सात मिनिटं झाली होती. मी दहा होऊ दिली.

बाहेर काढून कट्ट्यावर बसवलं, लिंबाचं पाणी दिलं. जरा डोकं हलकं वाटत होतं, ते बसलं. मग पुन्हा पाण्यात. असं तीनदा. तिसऱ्या वेळी ती चक्क उभी राहिली आणि कठड्याला धरून चार पावलं चालली. दुखत नाही म्हणाली. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की आपलं जवळजवळ निम्मं वजन पाणी उचलतं, सांध्यावर भार येत नाही, उष्णतेनं आखडलेले स्नायू सैल होतात. हे खरं आहे, चमत्कार नाही, आणि झिजलेली गादी यानं परत येत नाही हेही तितकंच खरं. जिल्ह्याच्या दवाखान्यापासून तालमीच्या वस्तादापर्यंत सगळे शेक द्यायला सांगतात ते उगीच नाही. पण शेक तो शेक. दोन तासांनी ती गाडीत चढताना गुडघा नेहमीसारखाच करकरणार होता, आणि करकरलाही.

पण मधल्या वेळात एक झालं. ताईमावशी तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसली, तेव्हा तिचा गाऊन गुडघ्यांवर गेला होता. गुडघ्याच्या बरोबर मधून वरून खाली गेलेला तो व्रण, वीतभर, दोन्ही पायांना. पाच वर्षांत आईनं तो कधी बघितलाच नव्हता. दवाखान्यात भेटायला गेली होती तेव्हा पट्ट्या होत्या, आणि नंतर नऊवारीतली असो की गाऊनमधली, आपल्याकडची बाई गुडघा कुणाला दाखवते? आई बघत राहिली. मग पाण्यातून हात पुढं करून तिनं तो व्रण बोटानं चाचपला, कापडाचा पोत बघावा तसा.

"दुखतं?"

"आता नाही. थंडीत जरा ओढ बसते."

"पहिले दिवस?"

ताईमावशी खोटं बोलत नाही, तो तिचा दुर्गुणच आहे. म्हणाली, "पहिले पंधरा दिवस रडवतात. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची ना, तिला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते या पाण्यात बोलत नाही. दीड महिन्यानं काठी सोडली. मांडी घालून बसता येत नाही बघ, ते गेलं ते गेलं. पण जिना चढते."

"आणि घरातलं?"

"काय घरातलं?"

"म्हणजे… सकाळचं. तू पडून असताना."

"सून करायची. नाहीतर यांनी केलं. चहा कसाही व्हायचा. प्यायचा."

आई हे ऐकून बराच वेळ व्रणावरचं बोट काढेना. मी पलीकडे तोंड करून केस पिळत होते, आणि माझ्या लक्षात आलं की दोन वर्षं आम्ही तिला सांध्याचं मॉडेल दाखवत होतो, यशाची टक्केवारी सांगत होतो, विम्याचे कागद वाचून दाखवत होतो. तिची अडचण हाडाची नव्हतीच. आपण दीड महिना आडवे पडलो तर घरात चार वाजता कोण उठणार, ही होती. चार वाजता उठायचं कारण उरलं नाही त्याला पस्तीस वर्षं झाली, पण ते तिला कुणी कळवलेलं दिसत नाही.

पालीत जेवलो. देवळाबाहेरच्या बाजारातून मिरगुंडं, पोह्याचे पापड आणि कडवे वाल घेतले, जे कितीही घेतले तरी घरी आल्यावर कमीच वाटतात. ताईमावशीनं कुंडाचं पाणी दोन लिटरच्या बाटलीत भरून, टॉवेलात गुंडाळून, बाळासारखं मांडीवर घेतलं होतं. परत येताना एका शेताच्या कडेला पोपटीची तयारी चालली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं आणि भोवती जाळ. थांबायचा मोह झाला, पण जाळ नुकताच लावलेला, आणि पोपटी घाई केलेली चालत नाही.

ताईमावशीला डोंबिवलीला सोडायचं म्हणून परतीला कर्जतमार्गे निघालो. खोपोलीहून कर्जतकडे जाताना ती इवलीशी रेल्वे सोबत असते. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी; लोकलच्या फलाटावर एवढी शांतता मुंबईच्या माणसाला सोसत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता फार्महाऊसांची फाटकं, आत शॉवर नि पोहण्याचे तलाव, बाहेर डोक्यावर हंडा घेतलेली बाई. हे दृश्य कर्जत तालुक्यात इतकं नेहमीचं आहे की त्यावर लिहायचाही कंटाळा यावा. तरी लिहिते.

कर्जतला स्टेशनाजवळ वडे घेतले, दिवाडकरांचे, कारण कर्जतहून वडा न घेता गेलेलं ताईमावशीला डोंबिवलीत कुणी विचारलं तर तिला उत्तर देता येत नाही. मोजून आठ. गाडीत वास पसरला आणि पुढची दहा मिनिटं कुणाला गुडघे नव्हते. मग पूल लागला, खाली उल्हास. इथंही तीच कथा. आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडीच्या तलावातलं पाणी घाट उतरून कर्जतजवळ भिवपुरीच्या वीजघरात येतं, १९२२ पासून, आणि तिथून उल्हास नदीत. तीच नदी पुढं बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवलीची तहान भागवते. मी मावशीला म्हटलं, "तुझ्या नळाला येतं ते पाणी आधी वीज करून मग येतं." ती म्हणाली, "तरीच चव नाही."

आई मागच्या सीटवर बाटलीला हात लावून बघत होती. खोपोलीला ऊन होती. कर्जतला कोमट. नेरळला अंधारून आलं, माथेरानच्या डोंगरावर दिवे दिसायला लागले. वांगणीच्या सुमाराला तिनं एकदम विचारलं, "त्या दवाखान्यात दोघींना एका खोलीत राहता येतं का गं? म्हणजे सोबत कुणी बाई असेल तर." मी म्हटलं येतं. "आणि दोन्ही पाय एकदम, की एकेक?" मी म्हटलं डॉक्टर ठरवतील. "विचार त्यांना," म्हणाली. मग बदलापूरपर्यंत झोपली. हो म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

डोंबिवलीला लिफ्ट होती. चहा घेऊनच जा, म्हणून मावशीनं वर नेलं. तोवर बाटली पार गार झाली होती. मावशीनं ती उघडली, पातेल्यात ओतली आणि गॅसवर ठेवली. "पाय शेकून जा, एवढा प्रवास झालाय," म्हणाली. उन्हेऱ्याचं पाणी डोंबिवलीत गॅसवर तापताना बघून मला हसू आवरेना. आई सवयीनं उठायला लागली. मावशी स्वयंपाकघरातूनच ओरडली, "तू बस."

ती बसली. जरा वेळानं हॉलमधून तिनं हाक मारली, आमच्या आजोबांच्या अगदी त्याच सुरात, "ताई, पाणी तापलं का?"